कंदील आणि नोंदवही

शाळेच्या क्रमिक पुस्तकात भेटलेली थोर माणसे पुढे आयुष्यभर एकाच वेषात आपल्या मनात उभी राहतात. न्यूटन म्हटला की सफरचंदाचे झाड, आर्किमिडीज म्हटला की न्हाणीघर, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्रीच्या वेळी जखमी सैनिकांच्या रांगांतून फिरणारी एक सौम्य चेहऱ्याची स्त्री. हे चित्र खोटे नाही. बाई खरोखरच रात्री फिरत असत. त्यांच्या हातातला दिवा मात्र चित्रकारांनी रंगवला तसा नसून घडी घालता येणारा तुर्की पद्धतीचा कंदील होता. पण या चित्रात त्यांच्या कामाचा अर्धाच भाग येतो. फेरी संपल्यावर बाई झोपायला जात नसत. त्या टेबलाशी बसत आणि काय पाहिले, किती माणसे गेली, कशाने गेली, काय मागितले होते आणि काय मिळाले नाही, हे सारे कागदावर उतरवत. त्या कागदांनी जितके प्राण वाचवले, तितके त्या कंदिलाने वाचवले नसतील.

परिचारिका म्हणजे सेवा, त्याग आणि आज्ञापालन, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. रुग्णाला चुकीचे औषध दिले जात असेल, मात्रा अधिक होत असेल, किंवा इस्पितळाची व्यवस्थाच रुग्णाचा जीव घेत असेल, तर आज्ञाधारक परिचारिकेने काय करावे? वरिष्ठांचा मान राखून गप्प बसावे, की पाहिलेले सांगावे? सांगायचे तर कोणाला आणि कसे? आज हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, तसाच कायद्याचाही आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या काळात त्यासाठी ना कायदा होता, ना संहिता. म्हणूनच त्यांचे चरित्र या प्रश्नाच्या उजेडात वाचण्यासारखे आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तिचा जन्म झाला आणि गावाचेच नाव तिला मिळाले. आईवडील इंग्रज आणि चांगले श्रीमंत होते. एक घर डर्बीशायरमध्ये, दुसरे हॅम्पशायरमध्ये. थोरल्या बहिणीचे नाव पार्थेनोपी. वडील विल्यम नाइटिंगेल हे विद्याव्यासंगी गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान घरीच शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी. समवयस्क मुली नाचाच्या मजलिशींची स्वप्ने पाहत, तेव्हा ही मुलगी आकड्यांचे तक्ते तयार करण्यात रमून जाई. १८३७ च्या फेब्रुवारीत, सतराव्या वर्षात असताना, ईश्वर आपल्याला कसल्याशा सेवेसाठी बोलावतो आहे असा अनुभव तिला आला. ती सेवा कोणती, हे उमगायला पुढे काही वर्षे जावी लागली.

१८४५ मध्ये तिने सॅलिसबरीच्या इस्पितळात राहून शुश्रूषेचे शिक्षण घेण्याचा विचार घरात बोलून दाखवला आणि घरावर जणू वीज कोसळली. त्यांच्या भीतीला कारणही होते. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातली नर्स म्हणजे बहुधा दुसरे काही काम न मिळालेली, अडाणी आणि पुष्कळदा दारूच्या आहारी गेलेली बाई, अशीच समजूत होती. अशा बाईच्या हाती औषधाची बाटली आणि रुग्णाचा जीव सोपवलेला असे. कुलीन घरातल्या मुलीने तिथे पाऊल टाकणे म्हणजे कुळाला कलंक! आईने अश्रू ढाळले, बहिणीला मूर्च्छा येऊ लागल्या. फ्लॉरेन्सने बाहेरून माघार घेतली. पण पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात इस्पितळांचे अहवाल वाचायचा आणि टिपणे काढायचा क्रम तिने सोडला नाही. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या सुसंस्कृत तरुणाने तिला लग्नाची मागणी घातली होती. तो तिला आवडतही होता. तरीही तिने नकार दिला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैझर्सवेर्थ येथील संस्थेत तिला तीन महिने शिकायला मिळाले. १८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहानशा संस्थेची ती अधीक्षिका झाली. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्वतंत्र झाल्या.

पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांनी तुर्कस्थानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. हेच क्रिमियाचे युद्ध. जखमी आणि आजारी इंग्रज सैनिक काळा समुद्र ओलांडून कॉन्स्टँटिनोपलसमोरच्या स्कुटारी येथील इस्पितळांत आणले जात. तिथल्या दुर्दशेच्या बातम्या ऑक्टोबर १८५४ मध्ये 'टाइम्स' पत्रात छापून आल्या आणि इंग्लंडात संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून बाई अडतीस परिचारिकांना घेऊन २१ ऑक्टोबरला निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचल्या.

सैन्यातल्या डॉक्टरांना या बायका नको होत्या. आपल्या कारभारात मंत्र्याने धाडलेले डोळे आले, असे त्यांना वाटले, आणि ते अगदीच चूक नव्हते. बाईंनी येथे जो संयम दाखवला तो लक्षात घेण्याजोगा आहे. डॉक्टर बोलावीपर्यंत आपल्या एकाही परिचारिकेला त्यांनी वॉर्डात पाऊल टाकू दिले नाही. डॉक्टरांच्या हुकमाशिवाय कोणाही रुग्णाला काहीही द्यायचे नाही, असा त्यांचा कडक नियम होता. काही परिचारिका रडकुंडीला आल्या, पण नियम मोडला नाही. इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी आपण होऊन या परिचारिकांना हाक मारली.

पण आज्ञापालन म्हणजे मौन, असे बाईंनी कधी मानले नाही. डॉ. जॉन हॉल हे क्रिमियातील सैन्याचे वैद्यकीय प्रमुख होते. स्कुटारीची इस्पितळे उत्तम स्थितीत असल्याचा निर्वाळा त्यांनी वर कळवलेला होता. प्रत्यक्षात तिथे अंथरुणे नव्हती, कपडे नव्हते, हात धुवायला भांडी नव्हती. सामान गोदामात येऊन पडलेले असे, पण समितीची मंजुरी मिळेपर्यंत कोठीवाला अधिकारी गठ्ठे सोडायला तयार नसे. प्रत्येक जण नियमाने वागत होता आणि माणसे मरत होती! बाईंनी वॉर्डात नियम पाळला आणि रात्री सिडनी हर्बर्टना लांबलचक पत्रे लिहिली. त्या पत्रांत नुसते रडगाणे नव्हते. कोणती वस्तू किती हवी, ती कोठे अडली आहे, कोणाच्या अधिकारात आहे, आणि व्यवस्था कशी बदलावी, हे त्यांत मुद्देसूद असे. तक्रार आणि नोंद यांतला फरक त्या जाणत होत्या. तक्रारीत आपले मन दिसते, नोंदीत रुग्णाची स्थिती दिसते.

यापुढचा भाग मात्र क्रमिक पुस्तकात बहुधा येत नाही. बाई आल्या, त्यांनी स्वच्छता केली आणि मृत्यू थांबले, अशी साधी सरळ कथा आपण ऐकलेली असते. वस्तुस्थिती अशी की बाई आल्यानंतरच्या हिवाळ्यात स्कुटारीतले मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत दाखल रुग्णांपैकी शेकडा बेचाळीसच्या आसपास माणसे दगावत होती. मार्च महिन्यात सरकारने पाठवलेले आरोग्य मंडळ तिथे पोहोचले. डॉ. जॉन सदरलंड आणि रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातले प्रमुख सभासद. त्यांनी पाहिले तर बराकीची ती भव्य इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती आणि पाण्याच्या पाटात मेलेला घोडा कुजत पडला होता. मंडळाने गटारे उपसली, घाणीच्या गाड्या भरून बाहेर काढल्या, भिंतींना चुना दिला, हवा खेळेल अशी सोय केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या जवळ आले.

बाई १८५६ च्या ऑगस्टमध्ये मायदेशी परतल्या, त्याही टोपणनाव घेऊन, स्वागतसमारंभ चुकवून. क्रिमियात आलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली होती. सारा देश त्यांना देवता मानत होता. त्यांच्या नावाने उभारलेल्या निधीत चव्वेचाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. या क्षणी त्या स्वस्थ बसत्या तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडायला घेतले. तोवर त्यांची समजूत अशी होती की सैनिक उपाशी, थकलेले आणि फार उशिरा आणले गेले म्हणून दगावले. आकडे वेगळेच सांगू लागले. आघाडीजवळच्या छावण्यांतल्या साध्या इस्पितळांत जितकी माणसे मेली, त्याहून मोठ्या प्रमाणात ती स्कुटारीत मेली होती. म्हणजे जिथे त्या स्वतः रात्रंदिवस खपत होत्या, जिथे त्यांचा कंदील फिरत होता, तीच वास्तू सर्वांत घातक ठरली होती.

असा शोध लागल्यावर माणसाची खरी परीक्षा होते. दुसऱ्याच्या चुका वर कळवायला धैर्य लागतेच. पण ज्या कामाने आपल्याला कीर्ती दिली, त्याच कामाच्या जागेविरुद्ध आपल्या हाताने आकडे मांडायचे, याला अधिक धैर्य लागते. बाईंनी ते आकडे लपवले नाहीत. १८५७ मध्ये सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. स्त्री म्हणून त्यांना त्यावर बसता येईना, तेव्हा त्यांनी लेखी साक्ष दिली आणि आयोगाच्या कामाचा बराचसा भार पडद्याआडून वाहिला. स्वतंत्रपणे त्यांनी शेकडो पानांचा एक गोपनीय अहवाल लिहिला. तो सरकारने प्रसिद्ध केला नाही. १८५८ मध्ये त्यांनी तो स्वखर्चाने छापून घेतला आणि ज्यांच्या हाती निर्णय होता अशांच्या हाती पोहोचवला. त्या युद्धात सुमारे सोळा हजार इंग्रज सैनिक रोगाने मेले. लढाईत आणि जखमांनी मेलेले पाच हजारांहून कमी होते. हे एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून त्यांनी वर्तुळाच्या पाकळ्यांसारखे रंगीत आलेख काढले. आकड्यांचे रकाने वाचायला कंटाळणाऱ्या मंत्र्यालाही ते टाळता येण्याजोगे नव्हते. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. सर्व काही ठीक आहे असे लिहिणाऱ्या डॉ. हॉलना यापूर्वीच सरदारकी मिळालेली होती. खरे लिहिणाऱ्याला आणि गोड लिहिणाऱ्याला मिळणारे फळ नेहमी न्यायाचे असतेच असे नाही.

यानंतर सामान्य वाचकांसाठी त्यांनी शुश्रूषेवर छोटेसे पुस्तक लिहिले. 'नोट्स ऑन नर्सिंग' या नावाचे ते पुस्तक १८५९ च्या अखेरीस बाहेर आले. मोकळी हवा, उजेड, शांतता, अन्न यांची चर्चा त्यात आहेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने निरीक्षणावरचे प्रकरण सर्वांत मोलाचे आहे. रुग्णाला रात्र बरी गेली का, असा मोघम प्रश्न विचारला तर मोघमच उत्तर येणार. किती तास झोप लागली, कोणत्या वेळी जाग आली, हे विचारावे. डॉक्टरला परिचारिकेचे मत नको असते, घडलेली गोष्ट हवी असते. किती, केव्हा, कितीदा, हे तिने नेमके सांगितले नाही तर डॉक्टरचा निदानाचा आणि औषधाचा अंदाज चुकतो. मग त्या चुकीत तिचाही वाटा असतो. स्मरणावर भरवसा नसेल तर तिने लिहून ठेवावे.

औषधांच्या मनमानी वापराविषयीही बाईंनी तिथे सावध केले आहे. त्या काळी 'ब्लू पिल' नावाची पाऱ्याची गोळी फार प्रचारात होती. डॉक्टरने एकदा एका विशिष्ट तक्रारीवर ती लिहून दिली की घरोघरच्या स्त्रिया तीच चिठ्ठी जपून ठेवीत आणि साधा रेच म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा घेत, इतरांनाही देत. पारा शरीरात साचून काय करतो हे आज आपण जाणतो. औषध बरे करते या श्रद्धेपोटी औषधानेच अपाय होत असल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही, हे बाईंनी ओळखले होते. आणखी एक विचार त्यांनी मांडला. इस्पितळात दुर्घटना घडली की मी त्या वेळी तिथे नव्हते, असे सांगून जबाबदार व्यक्ती मोकळी होते. बाईंच्या मते हा बचाव नव्हे. आपण समोर असताना जे करतो, ते आपल्या माघारीही होईल अशी व्यवस्था लावणे, यालाच त्या जबाबदारी म्हणत.

निधीच्या पैशातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात त्यांची परिचारिका-शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थिनी होत्या. प्रत्येकीच्या कामाचीच नव्हे तर वागणुकीचीही दरमहा नोंद ठेवली जाई आणि सचोटीला त्यात कौशल्याइतकेच महत्त्व होते. याच निधीतून किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष उघडला होता. गरीब बायकांची सोय आणि विद्यार्थिनींचे शिक्षण, दोन्ही साधत होती. पण काही वर्षांत तिथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. नोंदी पाहता हजारी सुमारे तेहेतीस मृत्यू निघाले. साऱ्या इंग्लंडात हे प्रमाण हजारी पाचाच्या आसपास होते. घरच्या अंधाऱ्या खोलीपेक्षा हा सुसज्ज कक्ष अधिक धोक्याचा ठरला होता. १८६७ मध्ये तो बंद करण्यात आला आणि १८७१ मध्ये बाईंनी प्रसूतिगृहांवरील पुस्तकात हे सारे आकडे जगापुढे ठेवले. इस्पितळाने रुग्णाला निदान अपाय तरी करू नये, हे त्यांचे सूत्र त्यांनी आपल्या संस्थेलाही लावून दाखवले.

त्यांच्या कामाचा आपल्या देशाशीही संबंध आला. त्या हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत; पण इथल्या लष्करी ठाण्यांवर त्यांनी छापील प्रश्नावल्या पाठवून माहितीचे ढीग गोळा केले. इथे गोऱ्या सैनिकांत दरसाल हजारी एकोणसत्तर मृत्यू होत आणि त्यांचे मुख्य कारण शत्रू नव्हे तर घाण पाणी आणि निचऱ्याचा अभाव, हे १८६३ च्या अहवालातून पुढे आले. दहा वर्षांत ते प्रमाण हजारी अठरावर आले. सैनिकांपासून सुरू झालेली त्यांची चिंता पुढे इथल्या खेड्यांपर्यंत, दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या हालांपर्यंत पोहोचली.

थोर व्यक्तीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी बराच उशिरा मान्य केला. परिचारिकांची सरकारी नोंदवहीत नोंदणी व्हावी, परवाना असावा, या चळवळीला त्यांनी उतारवयात विरोध केला. परीक्षेच्या कागदावरून चारित्र्य मोजता येत नाही, असे त्यांना वाटे. त्यात तथ्य होते. पण चारित्र्य नसलेल्या व्यक्तीला जाब विचारायला कायद्याचा आधार लागतो, हेही खरेच. इंग्लंडात हा कायदा १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर झाला. परिचारिका आज ज्या शपथेला नाइटिंगेल यांचे नाव लावतात, ती त्यांनी लिहिलेली नाही; १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे ती तयार झाली. त्या शपथेत डॉक्टरांशी एकनिष्ठ राहण्याचे वचन आहे आणि जाणूनबुजून अपायकारक औषध न देण्याचेही आहे. ही दोन्ही वचने एकमेकांसमोर उभी ठाकली तर कोणते मोठे? शपथेत याचे उत्तर नाही. ते बाईंच्या आयुष्यात आहे. स्कुटारीत त्या डॉक्टरांशी शिस्तीने वागल्या, पण निष्ठा ठेवली ती रुग्णाशी.

१९०७ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा किताब मिळाला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. तोवर त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या लहानशा गावी त्यांना पुरण्यात आले.

त्यांच्यानंतर जग कायद्यांनी बांधले गेले. भारतात १९४७ साली परिचर्या परिषदेचा कायदा झाला, महाराष्ट्रात १९६६ साली परिचारिकांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि २०२३ मध्ये संसदेने परिचर्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. तरीही १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीतून औषध पुरवणाऱ्यांपासून ते तपासणाऱ्या यंत्रणेपर्यंत सर्वांचे दोष बाहेर आले. औषध कागदोपत्री ठीक होते; माणसे मात्र मेली. स्कुटारीचे अहवालही असेच कागदोपत्री ठीक होते. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्याकडे डॉक्टरच नव्हे तर परिचारिकाही थेट माहिती पाठवू शकतात आणि पाठवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते.

सोय झाली, पण ती वापरणारा हात हवा. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास कोणी असेल तर ती परिचारिका. गोळी घेतल्यावर रुग्णाला पुरळ उठले, शुद्ध हरपली, लघवी कमी झाली, हे बहुधा तिलाच आधी दिसते. तिने वेळ, मात्रा आणि लक्षण नेमके लिहिले, तत्काळ डॉक्टरला सांगितले, आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्यापर्यंत नेले, तर तिने कोणाचा अपमान केला असे होत नाही. तिने आपले काम पुरे केले, एवढेच होते. दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्या तसबिरीत दिव्याशेजारी एक नोंदवहीही कोणी चितारली, तर ते चित्र सत्याच्या अधिक जवळ जाईल.